साडेतीन हजार किलोमीटरची निगा

ॲपलॅचियन ट्रेल ही अमेरिकेच्या पूर्व भागातील डोंगररांगांवरून जाणारी पायवाट आहे. दक्षिणेला जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर माउंटनवर ती सुरू होते आणि १४ राज्ये ओलांडून उत्तरेला मेन राज्यातील कटाडिन शिखरावर संपते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. दरवर्षी लाखो लोक तिच्यावर पाऊल ठेवतात. त्यांतले बहुतेक जण दिवसभराच्या भटकंतीसाठी येतात, तर काही हजार जण एकाच मोसमात संपूर्ण वाट चालून जायच्या जिद्दीने निघतात. या वाटेवर आडवी पडलेली झाडे हटवणे, गवत-झुडपे कापणे, पाण्याचे निचरे मोकळे ठेवणे, खुणा रंगवणे, निवारे आणि शौचालये सांभाळणे ही कामे मुख्यतः पगारी माणसे करत नाहीत. ती स्वयंसेवक करतात. करोनाच्या साथीपूर्वी दरवर्षी सुमारे सहा हजार स्वयंसेवक मिळून दोन लाखांहून अधिक तास या वाटेसाठी देत असत. सुटीच्या दिवशी हौसेने केलेली मदत एवढेच याचे स्वरूप नाही. ही कामाची एक पक्की व्यवस्था आहे आणि तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

या वाटेची कल्पना बेंटन मकाय या वनतज्ज्ञाने ऑक्टोबर १९२१ मध्ये वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात मांडली. मकायच्या डोळ्यांसमोर नुसती पायवाट नव्हती. शहरांतल्या कष्टकऱ्यांना मोकळी हवा मिळावी, डोंगरांत त्यांच्यासाठी शिबिरे, वसाहती आणि शेते असावीत, आणि या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणून डोंगरमाथ्यावरून एक वाट असावी, असा तो प्रादेशिक नियोजनाचा आराखडा होता. शिबिरे आणि शेते कागदावरच राहिली; वाट मात्र जमिनीवर उतरली. ७ ऑक्टोबर १९२३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बेअर माउंटन परिसरात तिचा पहिला टप्पा खुला झाला. १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या बैठकीतून ॲपलॅचियन ट्रेल कॉन्फरन्स ही संस्था जन्मली. पुढे २००५ मध्ये तिच्या नावातील ‘कॉन्फरन्स’ जाऊन ‘कॉन्झर्व्हन्सी’ आले.

कल्पनेचे श्रेय मकायकडे जाते आणि ते योग्यच आहे. पण वाट प्रत्यक्षात आली ती मायरन एव्हरी या वकिलामुळे. १९३१ पासून १९५२ पर्यंत तो संस्थेचा अध्यक्ष होता. अंतर मोजण्याचे चाक ढकलत तो स्वतः डोंगर पालथे घालत असे, मोजमापे लिहून घेत असे आणि गावोगावच्या गिर्यारोहण मंडळांना पत्रांवर पत्रे पाठवून कामाला लावत असे. त्याने आधी असलेल्या मंडळांना जोडून घेतले आणि जिथे मंडळ नव्हते तिथे नवे उभे राहील असे पाहिले. १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेनमधील शेवटचा तुकडा पूर्ण झाला. तो तुकडा मात्र मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी दलाने बांधला होता. सलग वाटेचे सुख वर्षभरच टिकले. सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळाने न्यू इंग्लंडमधील जंगले आडवी केली. पुढे महायुद्ध आले, माणसे सैन्यात गेली आणि मोठमोठे टप्पे रानात हरवले. वाट एकदा बांधली की झाले, हा समज तेव्हाच गळून पडला.

त्या काळी वाटेचा बराच भाग खासगी जमिनींतून जात होता. मालकाने जमीन विकली किंवा घर बांधायला घेतले, की वाट उचलून शेजारच्या डांबरी रस्त्यावर नेण्यावाचून इलाज नसे. २ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्रीय पायवाटांच्या कायद्यावर सही केली. ॲपलॅचियन ट्रेल आणि पश्चिमेकडील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या दोन वाटांना पहिल्यांदा राष्ट्रीय निसर्गरम्य पायवाटांचा दर्जा मिळाला. १९७८ च्या दुरुस्तीनंतर जमीन खरेदीसाठी भरीव निधी आला आणि वाटेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा हळूहळू सार्वजनिक मालकीत आला.

जमीन सरकारची झाल्यावर देखभालही सरकारी खात्याकडे जाईल, अशी शक्यता होती. तसे झाले नाही. १९८४ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिस या राष्ट्रीय उद्यानांच्या सरकारी खात्याने करार करून खरेदी केलेल्या जमिनीच्या दैनंदिन व्यवस्थापनाची जबाबदारी ॲपलॅचियन ट्रेल कॉन्फरन्स या स्वयंसेवी संस्थेकडे सोपवली. वाटेच्या इतिहासात या कराराचे मोल १९६८ च्या कायद्याइतकेच आहे. कायद्याने वाटेखालची जमीन सुरक्षित केली; कराराने ती सांभाळणाऱ्या माणसांचा अधिकार मान्य केला. नोंदणी केलेल्या स्वयंसेवकाला काम करताना इजा झाली, तर त्याला संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्याप्रमाणे उपचारांचे संरक्षण मिळते. त्याच्या बदल्यात त्याने सुरक्षेचे नियम पाळायचे आणि केलेल्या कामाचे तास कळवायचे, असा हा व्यवहार आहे. या तासांत प्रवासाचा वेळही धरला जातो, कारण अनेक टप्प्यांपर्यंत पोचण्यातच अर्धा दिवस जातो.

प्रत्यक्ष काम तीसएक गिर्यारोहण मंडळांत, म्हणजे क्लबांत, वाटलेले आहे. वाटणी समान नाही. वॉशिंग्टन परिसरातील पोटोमॅक ॲपलॅचियन ट्रेल क्लबकडे सुमारे ३८५ किलोमीटर आहेत, मेनमधील क्लबकडे सुमारे ४३० किलोमीटर, तर काही छोट्या क्लबांकडे जेमतेम पंधरा-वीस. क्लब आपला हिस्सा लहान टप्प्यांत तोडतो आणि प्रत्येक टप्पा एका व्यक्तीच्या, जोडप्याच्या किंवा गटाच्या हवाली करतो. टप्पा साधारणपणे काही किलोमीटरांचा असतो. ज्याच्याकडे तो असतो, त्याने वर्षातून ठरावीक फेऱ्या मारायच्या, जमेल ते काम करायचे आणि आवाक्याबाहेरचे क्लबला कळवायचे. अनेक जण एकच टप्पा वर्षानुवर्षे सांभाळतात. कोणत्या वळणावर पाणी साचते, कोणता जुना ओक पोखरला आहे, कुठल्या चढावर लोक वाट सोडून आडवाटेने चढतात, हे त्यांना नकाशा न बघता सांगता येते. वाट टिकते ती बऱ्याच अंशी या बारीक ओळखीमुळे.

वर्षाचे काम ऋतूंप्रमाणे चालते. हिवाळ्याच्या शेवटी बर्फाने आणि वाऱ्याने पाडलेल्या झाडांची पाहणी होते. दक्षिणेकडून कटाडिनकडे निघणारे बहुतेक चालणारे मार्च-एप्रिलमध्ये निघतात, त्यामुळे तिकडच्या क्लबांची या काळात घाई असते. उन्हाळ्यात दक्षिण आणि मध्य भागात झुडपे, खाजरे गवत आणि काटेरी वेली अशा माजतात, की महिनाभर दुर्लक्ष झाले तरी वाट दिसेनाशी होते. सर्वसाधारण दंडक असा, की सुमारे सव्वा मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच एवढी जागा मोकळी हवी. पाठीवर बोजा घेतलेल्या माणसाच्या अंगाला ओल्या फांद्या घासू नयेत, हा त्यामागचा हेतू. फांदी कापायची ती बुंध्यालगत. अर्धवट कापलेले टोक डोळ्याला इजा करते आणि झाडालाही रोग लावते. कापलेला पाला उताराच्या खालच्या बाजूला, नजरेआड टाकायचा असतो.

वाट दाखवणाऱ्या खुणा म्हणजे झाडांवर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी सुमारे ५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असते. संपूर्ण वाटेवर अशा सुमारे १,६५,००० पट्ट्या आहेत. एकावर एक दोन पट्ट्या दिसल्या, तर पुढे वळण किंवा सावध राहण्याजोगी जागा आहे असे समजायचे. पाणवठ्याकडे किंवा निवाऱ्याकडे जाणाऱ्या फाट्यांवर पट्टी निळी असते. रंगवण्याआधी सालीवरचे शेवाळ आणि खपल्या हलक्या हाताने खरवडतात. आतली जिवंत साल दुखावू नये याची काळजी घेतात. पट्टीच्या कडा सरळ आणि कोपरे काटकोनी असावे लागतात, नाहीतर दुरून ती सालीवरच्या पांढऱ्या बुरशीसारखी दिसते. एका जागेवरून एका दिशेला सहसा एकच खूण दिसावी, असाही संकेत आहे. नवखा स्वयंसेवक हटकून जास्त खुणा करतो. जंगलात सगळीकडे पांढरा रंग दिसू लागला, की रानाचे रानपण हरवते.

तरीही झाडे आणि खुणा हा कामाचा सोपा भाग. वाटेचा खरा शत्रू पाणी. हजारो बुटांखाली मातीचा मधला पट्टा दबतो आणि कडेच्या जमिनीपेक्षा खाली जातो. पावसाचे पाणी मग त्या पन्हळीतून उताराच्या दिशेने धावते, वेग घेते, बारीक माती घेऊन जाते आणि मागे मुळे आणि सुटे दगड उरतात. त्या दगडांवरून चालणे नकोसे झाले, की लोक कडेने चालतात. कडेचे गवत मरते, पन्हळ रुंदावते आणि काही वर्षांत तिथे घळ तयार होते. एकदा घळ झाली, की गेलेली माती परत आणता येत नाही. म्हणून पाणी वाटेवर टिकू न देणे हे देखभालीतले पहिले काम ठरते.

त्याचे उपाय साधे दिसतात, पण नेमकेपणा मागतात. डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या वाटेला बाहेरच्या, म्हणजे दरीच्या बाजूला किंचित उतार दिलेला असतो, साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे वरून आलेले पाणी वाट ओलांडून खाली निघून जाते. बाहेरच्या कडेला माती साचून वरंबा झाला, तर पाणी अडते आणि वाटेनेच वाहू लागते. हा वरंबा खोदून सपाट करणे हे नेहमीचे काम आहे. चढावर जागोजागी दगडाचे किंवा ओंडक्याचे तिरके बांध जमिनीत पुरतात. बांध वाटेला काटकोनात बसवला, तर पाणी त्याच्यामागे तुंबते, गाळ साचतो आणि पुढच्या पावसात पाणी बांधावरून उडी मारते. तो पुरेसा तिरका असेल, तर पाणी वेग न गमावता बाहेर वळते आणि जाताना गाळही नेते. बांधाचे खालचे टोक वाटेच्या कडेबाहेर काढलेले हवे आणि वरचे टोक डोंगरात घुसवलेले हवे. एरवी पाणी वळसा घालून निसटते.

शरद ऋतूत पाने गळाली, की हे बांध भरतात. ते साफ करताना स्वयंसेवक रुंद कुदळीने बांधाच्या वरच्या अंगाला साचलेली पाने आणि चिकट गाळ ओढून काढतो, तळ बाहेरच्या दिशेला उतरता करतो आणि बाहेरचा चर एक-दोन मीटर लांबपर्यंत मोकळा करतो. निघालेली चांगली माती बांधाच्या खालच्या बाजूला दाबून भरतात, कारण तिथे बुटांनी खड्डा पडलेला असतो. एका बांधाला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. एका टप्प्यावर असे कित्येक बांध असतात. हे काम कोणाच्या छायाचित्रात येत नाही आणि शेजारून जाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. साडेतीन हजार किलोमीटरची वाट मात्र याच कामावर उभी आहे.

जुन्या वाटेचे अनेक चढ मुळातच चुकीच्या जागी आहेत. एव्हरीच्या काळात वाट लवकर पूर्ण करायची होती, त्यामुळे ती कित्येक ठिकाणी सोंडेवरून थेट माथ्याकडे चढवली गेली. अशा वाटेला कितीही बांध घातले तरी पाणी तिच्यातूनच वाहते. आताची रीत अशी, की वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास राहावा. तसे जमत नसेल, तर क्लब नवी आखणी करतो. नवी वाट डोंगराच्या कुशीतून आडवी नेतात. जुनीवर ओंडके, फांद्या आणि पालापाचोळा टाकून तिला रानात मिसळू देतात. ते टाकताना कसूर राहिली, तर लोक जुन्याच वाटेने जात राहतात.

हत्यारे बहुतेक हाताची. पुलास्की हे त्यांतले प्रसिद्ध हत्यार. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला टिकावासारखे आडवे पाते. त्याचे नाव एड पुलास्की या वनरक्षकावरून पडले. १९१० च्या भीषण वणव्यात त्याने आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन बहुतेकांचे प्राण वाचवले होते. मॅक्लाउड या हत्याराला एका अंगाला दंताळे आणि दुसऱ्या अंगाला रुंद पाते असते; माती ओढणे, सारखी करणे आणि ठोकून बसवणे ही तिन्ही कामे त्याने होतात. शिवाय पहार, फावडे, लांब दांड्याची कात्री आणि करवती.

करवतीचे प्रकरण वेगळे आहे. वाटेचे काही भाग संरक्षित निबिड रानांतून जातात आणि १९६४ च्या कायद्यानुसार तिथे यंत्रावर चालणारी अवजारे वापरता येत नाहीत. तिथे दोघांनी ओढायची लांब करवत लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बनलेल्या करवतींचे पोलाद आणि घडण चांगली मानली जाते, म्हणून जुन्या करवती शोधून, गंज काढून, दातांना धार लावून वापरल्या जातात. धार नीट लागली असेल, तर भुशाऐवजी लाकडाच्या लांब पट्ट्या निघतात. इतर ठिकाणी यांत्रिक करवत चालते, पण दोन्हींसाठी प्रमाणपत्र हवे. ते तीन वर्षांनी नव्याने घ्यावे लागते आणि प्रथमोपचाराचे शिक्षणही सक्तीचे असते. हा नियम कागदी नाही. उतारावर अडकलेले खोड एका अंगाने दाबलेले आणि दुसऱ्या अंगाने ताणलेले असते. दाबलेल्या बाजूने आधी जास्त खोल कापले तर करवत अडकते, ताणलेल्या बाजूने कापले तर खोड फाटून उसळते. कुठून, किती आणि कुठे उभे राहून कापायचे, हे ठरवण्यातच बराच वेळ जातो आणि जाऊ द्यावा लागतो.

टप्पा सांभाळणाऱ्या एकट्या-दुकट्याच्या आवाक्याबाहेरची कामे मोठी पथके करतात. त्यांतले कॉनारॉक हे व्हर्जिनियातील पथक १९८३ पासून चालू आहे. १८ वर्षांवरील कोणीही अर्ज करू शकतो. अनुभवाची अट नाही. जेवण, मुक्काम आणि हत्यारे संस्था देते, आठवडाभर काम मात्र कसून करावे लागते. सकाळी हत्यारे खांद्यावर घेऊन काही किलोमीटर चढायचे, दिवसभर दगड हलवायचे किंवा नवी वाट खोदायची आणि संध्याकाळी तंबूत परतायचे, असा क्रम असतो. विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, पूर्वी ही वाट पूर्ण चाललेली माणसे एकाच पथकात असतात.

दगडी कामाचा सर्वांत मोठा नमुना बेअर माउंटनवर पाहायला मिळतो. वाटेचा सर्वांत जुना भाग तोच आणि गर्दीचाही. न्यूयॉर्क शहरापासून तो जवळ आहे. लाखो पावलांनी तिथला उतार उघडाबोडका झाला होता. २००६ मध्ये तिथे पुनर्बांधणी सुरू झाली आणि ती एका तपाहून अधिक काळ चालली. स्वयंसेवकांना दगड फोडण्याचे आणि बसवण्याचे शिक्षण देण्यात आले. ग्रॅनाइटच्या धोंड्यावर रेषेत छिद्रे पाडायची, प्रत्येकात लोखंडी पाचर आणि तिच्या दोन्ही अंगांना पट्ट्या घालायच्या आणि पाचरी आळीपाळीने ठोकत जायचे, म्हणजे दगड त्या रेषेवर फुटतो. महाराष्ट्रातील पाथरवटांनाही पाचरी ठोकून दगड फोडण्याची रीत ठाऊक आहे. शेकडो किलो वजनाचे दगड झाडांना बांधलेल्या पोलादी तारेवरून, हाताने चालवायच्या यंत्राने ओढून जागेवर आणले गेले. पायरी रचताना वरच्या दगडाची पुढची कड खालच्या दगडाच्या मागच्या भागावर टेकवतात, पोकळीत चिपा ठोकतात आणि शेवटी पायरीवर उभे राहून डोलून पाहतात. किंचित जरी हलली, तरी ती उचलून पुन्हा बसवतात. अशा हजाराहून अधिक पायऱ्या तिथे बसवल्या आहेत आणि त्यांत सिमेंट नाही.

वाटेवर अडीचशेहून अधिक निवारे आहेत. बहुतेक तीन बाजू बंद आणि एक उघडी अशा लाकडी किंवा दगडी शेडच्या रूपात. छप्पर, गटारे आणि उंदरांचा बंदोबस्त यांची जबाबदारी क्लबांवरच असते. सर्वांत अवघड भाग शौचालयांचा. खडकाळ, पातळ मातीत खोल खड्डा खणता येत नाही, म्हणून अनेक ठिकाणी जमिनीवर उभारलेल्या कप्प्यांची शौचालये बांधली आहेत. वापरणाऱ्याने मूठभर लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळा टाकायचा. गांडुळे आणि सूक्ष्मजीव मैल्याचे खत करतात. एक कप्पा भरला, की घर दुसऱ्या कप्प्यावर सरकवतात आणि पहिला मुरू देतात. पुरेसे मुरल्यावर ते खत उपसण्याचे काम स्वयंसेवकच करतात. ज्या वाटेवर माणसे इतकी आहेत, तिथे पाणवठे स्वच्छ राहतात ते या कामामुळे, आणि या कामासाठी पुढे येणाऱ्यांचा आदर क्लबांत विशेष असतो.

गर्दीचा ताण अवजारांनी सुटत नाही. उत्तर कॅरोलायना आणि टेनेसीच्या सीमेवरील मॅक्स पॅच या गवताळ माथ्यावर तंबूंची इतकी दाटी होऊ लागली, की गवत तुडवले गेले, चुली आणि कचरा पसरला. जुलै २०२१ मध्ये तिथे मुक्कामाला बंदी घालावी लागली. गर्दीच्या भागांत मोसमात रिजरनर नावाचे कर्मचारी फिरतात. ते थोड्या मानधनावर काम करतात. लोकांशी बोलतात, कचरा उचलतात, चुली मोडतात आणि दुरुस्तीच्या जागा क्लबांना कळवतात.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन वादळाने या व्यवस्थेची कसोटी पाहिली. उत्तर कॅरोलायना, टेनेसी आणि नैर्ऋत्य व्हर्जिनियात डोंगर खचले, पूल गेले, हजारो झाडे एकमेकांवर कोसळली. टेनेसीतील अर्विन गावाजवळ नोलिचकी नदीवरचा, वाटेसाठी वापरला जाणारा चेस्टोआ पूल वाहून गेला. सुरुवातीला स्वयंसेवकांना डोंगरात जाण्यापासून थांबवावे लागले, कारण लटकलेली झाडे आणि खचलेल्या कडा जिवावर बेतू शकत होत्या. रस्ते उघडल्यावर क्लबांची प्रमाणपत्रधारक करवत पथके टप्प्याटप्प्याने आत शिरली आणि पुढच्या वसंत ऋतूपर्यंत बहुतांश भाग चालण्याजोगा झाला. वादळानंतर असे काम करू शकणारी माणसे तेव्हा हाताशी होती, कारण त्यांचे शिक्षण त्याआधी अनेक वर्षे चालू होते.

पश्चिम किनाऱ्याकडील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटर जाते. तिथली देखभालही एक स्वयंसेवी संघटना वनखात्याबरोबर मिळून करते, पण कामाचा पोत निराळा आहे. वाट वस्तीपासून फार दूर जाते, त्यामुळे पथकांचे धान्य आणि हत्यारे वाहण्यासाठी घोडे-खेचरे लागतात. घोडेस्वारांच्या संघटना हा भार उचलतात. उंच भागात बर्फ वितळेपर्यंत कामाला हात लावता येत नाही. शिवाय वणवे. जळालेल्या उतारांवर झाडे वर्षानुवर्षे पडत राहतात आणि मुळांचा आधार गेलेली माती प्रत्येक पावसात वाटेवर येते, त्यामुळे तेच टप्पे पुन्हा पुन्हा साफ करावे लागतात.